रविवारी बरी असते

डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्याबरोबर कोंबडी चालायला लागली. नुसती चालली नाही, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मान पुढे-मागे करत ऐटीत एक फेरी मारली, वजनकाट्यावर चढली, उतरली, आणि कुणाच्या तरी कुत्र्याच्या लसीच्या कार्डावर शिटून माझ्याकडे एका डोळ्याने बघत उभी राहिली. तासाभरापूर्वी हीच बया खुराड्याच्या कोपऱ्यात पंख पाडून, डोळे मिटून, आता गेली की मग गेली अशी बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिला हत्यारांच्या पिशवीतून इथपर्यंत आणली होती. "काय होतंय हिला?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, तेच विचारायला आणलीय. त्यांनी तिच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, पंख ताणून बघितले, मानेखाली छातीपाशी बोटांनी दाबून बघितलं. "सकाळीच पोटभर खाल्लेलं दिसतंय की." मी म्हटलं, डॉक्टर, चार दिवस झाले, दाण्याला शिवलेली नाही ती. "मग ही गळ्याखालची पिशवी कशाने भरलीय, हवेने?" असं म्हणून ते हसले आणि हात धुवायला गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा आधी त्याचं नीट ऐकून घ्यावं, एवढी साधी गोष्ट. पांढरी पावडर लिहून दिली, पाण्यातून द्या म्हणाले. बाहेर पडलो तर पिशवीतून कोंबडी तोंड बाहेर काढून रस्ता बघत होती, आणि कोपऱ्यावरच्या इमारतीचा ओळखीचा वॉचमन ओरडला, "काय हो लिफ्टवाले, लिफ्टमध्ये अडकली होती का ही?" मी हसलो नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बावीस वर्षं तेच करतोय. त्यामुळे हा प्रकार मला नवा नव्हता, आणि नवा नव्हता म्हणूनच जास्त चीड येत होती. आमच्या कामात सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे येऊन-जाऊन असणारा. मोटर जळली तर जळली, वास येतो, धूर येतो, बदलून टाकायची. पण एखादी लिफ्ट आठवड्यातून दोनदा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबते, आणि तुम्ही गेलात की वर-खाली, वर-खाली, लोण्यासारखी चालते. बिल्डिंगमधली माणसं आपल्याकडे अशी बघतात की जणू तीच खोटी पडली. "तुम्ही आलात की नीट चालते बघा," असं म्हणतात, आणि त्यात कौतुक असतं की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या वस्तादांची एक शिस्त होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रिले बदलली तर दोन दिवस दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, थांबायचं, बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि लिफ्ट सुरू झाली, तर कशाने सुरू झाली ते कळत नाही, आणि जे कळलं नाही ते पुन्हा बिघडतं. त्यांनी मला एकदा भर मशीनरूममध्ये कानाखाली वाजवली होती, कारण मी घाईत दोन कॉन्टॅक्ट एकदम घासले होते. ती चपराक मी विसरलेलो नाही. म्हणून कोंबडीच्या बाबतीतही मी एका पुठ्ठ्यावर तारखा घालून लिहीत होतो. सोमवारी दाणा बदलला. बुधवारी पाण्याचं भांडं बदललं. शुक्रवारी गवत. खुराडं भिंतीपासून हलवलं. मागच्या अंगणातल्या फरशीच्या भेगेत उगवलेलं काहीतरी उपटून टाकलं. प्रत्येक वेळी दोन दिवस वाट बघितली. पुठ्ठा भरत आला होता आणि कोंबडी वाळत चालली होती. फक्त एक गोष्ट त्या पुठ्ठ्यावर पुन्हापुन्हा येत होती आणि तिचा अर्थ लागत नव्हता. रविवारी संध्याकाळी ती बरी असायची. दाणे टिपायची, फरशी उकरायची, बाबांच्या चपलेवर चोच मारायची. मंगळवारपर्यंत परत पंख पाडून कोपऱ्यात. मी बाबांना म्हटलं होतं, "मी घरी असलो की बरी असते." बाबा शिवणयंत्रापाशी पाठमोरे बसले होते. त्यांनी मान हलवली. "तुझा लळा लागला असेल तिला," म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

कोंबडी माझी नाही, बाबांची. तिला ते मुकादमीण म्हणतात, कारण अंगणात कुणी काहीही काम करत असलं की ती शेजारी येऊन उभी राहते आणि मान वाकडी करून बघत बसते. तीन होत्या, दोन मांजराने नेल्या, ही उरली. मला कोंबड्यांचं काडीचंही प्रेम नाही. तिची शीट साफ करताना, तिचं तोंड उघडून औषधाचे थेंब सोडताना, ती नखं मनगटात रुतवते तेव्हा, मी तिला नाही नाही ते बोलतो. पण ती मेलेली मला चालणार नाही. ताई वर्षभर बाबांच्या मागे लागली आहे, माझ्याकडे चला, तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, मी दिवसभर घरी असते, इथे तो सकाळी साडेसहाला जातो तो अंधार पडल्यावर येतो, तुमच्याकडे बघायला कोण आहे. यातलं एक अक्षरही खोटं नाही, म्हणून तर मला तिचा राग येतो. आणि दर वेळी बाबा एकच उत्तर देतात, "मुकादमिणीला कोण बघेल?" ताईच्या फ्लॅटमध्ये कोंबडी चालत नाही. विषय तिथे संपतो. गेल्या महिन्यात मात्र ताई हसून म्हणाली, "ठीक आहे बाबा, कोंबडी आहे तोवर राहा. मग तरी याल ना?" आणि बाबा म्हणाले, "मग बघू." हे "मग बघू" मी स्वयंपाकघरात कप विसळताना ऐकलं आणि कप तसाच हातात धरून उभा राहिलो. बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली, म्हणजे सोडून गेली, तिच्या आईकडे, आणि मग आणखी कुठेतरी. तेव्हापासून या घरात संध्याकाळी माझ्याशी बोलणारं एकच माणूस आहे, आणि तेही कोंबडीबद्दलच बोलतं. आज खाल्लं का तिने, आज अंडं दिलं का, वगैरे. तेवढंही गेलं तर मी दार उघडून कुणाला काय विचारणार? हे मी ताईला सांगत नाही. पन्नाशीच्या माणसाने असं बोलायचं नसतं.

ताईचा फोन रोज येतो. "बाबा जेवतात ना नीट?" मी म्हणतो, ताट धुवायला लागत नाही. आणि ते खरंच होतं. सकाळी निघताना मी त्यांच्यासाठी पावाच्या चार स्लाइस, दूध, उकडलेलं अंडं झाकून ठेवायचो. परत येईपर्यंत ताट लख्ख, पावाचा कण नाही. रात्रीचं ते लवकर उरकून घ्यायचे, मी येतो तेव्हा त्यांच्या हातात सूपचा कप असायचा. "मी जेवलो, तू घे." मला वाटायचं, चला, एका बाजूने तरी कटकट नाही. आणि दिसायलाही ते अगदी व्यवस्थित. ऐंशीला दोन कमी, पण शर्ट खांद्यावर बरोब्बर बसलेला, पँटची कंबर जिथल्या तिथे, इस्त्रीची घडी सरळ. या वर्षी दाढी ठेवली होती, तीही शोभत होती. शेजारची म्हातारी माणसं कपड्यांत हरवल्यासारखी दिसतात, पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडतात. आमचे बाबा तसे नाहीत, असं मी चार जणांत सांगायचो. शेवटी आयुष्यभराचा शिंपी. दुकान बंद करून बारा वर्षं झाली तरी गळ्यातला टेप उतरत नाही. शिवणयंत्र खिडकीपाशी, तोंड अंगणाकडे, आणि त्यांची पाठ माझ्याकडे. रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो की ते यंत्र सुरू व्हायचं. खडखड, थांब. खडखड, थांब. "काय शिवताय एवढं?" "काही नाही रे, जुनंच काहीतरी आहे, नीट करतोय." डोक्यावर उशी घेऊन मी चडफडत पडायचो. आठवड्यातून एक दुपार मिळते माणसाला.

डॉक्टरांच्या पांढऱ्या पावडरीचाही काही उपयोग झाला नाही. सोमवारी दिली, मंगळवारी कोंबडी कोपऱ्यात. त्या संध्याकाळी मी खुराडं उघडलं आणि गवताखाली कापडाच्या चिंध्या निघाल्या. माझं डोकंच फिरलं. "बाबा, या चिंध्या कुणी घातल्या आत?" "मी घातल्या. गवत टोचतं तिला. मऊ असतात." मी म्हटलं, "मी इथे एकेक गोष्ट बदलून बघतोय, पुठ्ठ्यावर लिहितोय, आणि तुम्ही मला न सांगता त्यात भर घालता? दोरे खाल्ले असतील तिने! दोरा आतड्यात अडकला तर मरते कोंबडी!" बाबा म्हणाले, "एवढं ओरडू नकोस, घाबरते ती." मला वाटलं, मी काय करतोय, कुणासाठी करतोय, हे या माणसाला कधी कळणार? पण हेही बोललो नाही. आमच्या घरात असं बोलतच नाहीत. शिंप्याच्या घराची सवय म्हणा. मी नुकता कामाला लागलो होतो तेव्हाचं आठवतं. बँकेतले एक साहेब दर महिन्याला दुकानात यायचे, पँट कमरेत आत घेऊन द्या म्हणायचे. बाबा टेप लावायचे, खडूने खूण करायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. एकदा त्या साहेबांची बायको आली आणि सहज विचारावं तसं विचारू लागली, हल्ली सारखे कपडे तुमच्याकडे देतात, काही विशेष? बाबांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून म्हणाले, "फॅशन आहे वहिनी, आता घट्टच घालतात सगळे." दोन महिन्यांनी ते साहेब वारले. आई तेव्हा होती. ती बाबांवर केवढी संतापली होती, तुम्हाला दिसत नव्हतं का, बोटांना कळत नव्हतं का? बाबा म्हणाले, "कळत होतं. पण गिऱ्हाइकाचं माप बाहेर सांगायचं नसतं." आई त्या दिवशी जेवली नाही. मला तेव्हा बाबांचंच पटलं होतं. कामाची शिस्त म्हणजे शिस्त. लिफ्टमध्ये कोण कुणाबरोबर कुठल्या मजल्यावर उतरलं, हे मी तरी कुठे कुणाला सांगतो?

गुरुवारी मी आमच्या कंपनीच्या साहेबांशी भांडून दुपारीच निघालो. सकाळी मी निघताना कोंबडीची मान एका बाजूला कलली होती आणि दिवसभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. एका दवाखान्याच्या लिफ्टचा दरवाजा तिसऱ्या मजल्यावर बंद होत नव्हता, मी तिसऱ्या मजल्यावर तास घालवला, आणि बिघाड निघाला तळमजल्यावर, तिथली तार तुटत आली होती. एरवी मला असं सापडलं की आनंद होतो. त्या दिवशी नुसताच घाम आला. घरी आलो तर बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आणि कोंबडीच्या गळ्याखाली लिंबाएवढी नाही, मोसंब्याएवढी गाठ लोंबत होती. हातात घेतली तर कणकेसारखी दबली. चोच उघडली तर आंबट वास आला, तोंड फिरवावं असा. पिशवीत घातली आणि पळालो.

या वेळी कोंबडी चालली नाही. डॉक्टर हसले नाहीत. "हिच्या पिशवीतून अन्न पुढे सरकतच नाहीये, आत आंबलंय सगळं," म्हणाले, आणि मला पाय धरायला लावून त्यांनी मानेखालची पिसं उपटली, सुई टोचली, छोटासा छेद दिला. आतून जे निघालं ते चमच्याने काढावं लागलं. पांढरं, चिकट, गोळ्यांनी भरलेलं. डॉक्टर चिमट्याने उलटसुलट करून बघत होते. "पाव आहे हा. दुधात भिजवलेला. अहो, एवढा पाव कोण घालतं कोंबडीला? रोजचं दिसतंय हे." दोन टाके घातले, टॉवेलमध्ये गुंडाळून दिली, खुराडं धुऊन कोरडं करा म्हणाले, तीन दिवस फक्त पाणी आणि पातळ काहीतरी. "जगेल ना?" "पाव बंद केलात तर जगेल." रस्त्याने येताना मी मनात बाबांशी भांडत होतो. एवढा मोठा भाषणाचा मसुदा तयार झाला होता. तुम्हीच मारत होतात तिला. मी पाणी बदललं, दाणा बदलला, गवत बदललं, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे तिला पाव चारत होतात. रविवारी मी घरी असायचो म्हणून पाव मिळायचा नाही, म्हणून ती रविवारी बरी. माझा लळा! मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जास्त राग येतो.

बाबा जागे होते. त्यांनी टॉवेल उघडला, मानेखालचा पिसं काढलेला लालसर भाग बघितला, चष्मा वर केला. "टाके कुणी घातले? दोरा फार जाड वापरलाय." मी म्हटलं, "पाव कुणी घातला ते सांगा आधी." त्यांनी टॉवेलची कड सरळ केली. "बाबा, मी विचारतोय." "थोडासाच घालायचो. मागे लागते ती." "थोडासा? वाटीभर निघाला!" त्यांनी टॉवेल परत मिटला, कोंबडीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाले, "वाचली ना? मग झालं." आणि खिडकीकडे वळले. माझं सगळं भाषण तिथेच अडकलं. या माणसाशी भांडताही येत नाही. मी बादली घेतली आणि मागच्या अंगणात जाऊन खुराडं आडवं पाडलं.

ऊन अजून भिंतीवर होतं. मी गवत उपसलं, खाली परत चिंध्या. मंगळवारी एवढा ओरडलो होतो, तरी परत घातल्याच होत्या. एकेक ओढून फरशीवर फेकत होतो. तपकिरी. राखाडी. परत तपकिरी. निळी रेघेची. चार-पाच फेकल्यावर माझा हात थांबला. चिंध्या कशाही फाडलेल्या नसतात शिंप्याच्या घरात, पण या फारच एकसारख्या होत्या. वर दोन बोटं रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या, कडेला जुन्या शिलाईची भोकं. तपकिरी कापड मी ओळखलं. बाबांची तपकिरी पँट, आत्ता अंगावर असलेली. मी तिच्याच कापडाच्या पट्ट्या बाजूला काढल्या. एक, दोन, तीन, चार. राखाडी पँटच्या तीन. निळ्या रेघेच्या शर्टाच्या काखेखालच्या, दोन्ही बाजूंच्या. मी त्या फरशीवर एकीशेजारी एक ठेवल्या, जसे सुटे केलेले भाग आम्ही काढलेल्या क्रमाने मांडून ठेवतो तसे. मग तिथेच खाली बसलो. पाव कोंबडीने मागितला म्हणून दिलेला नव्हता. सकाळच्या चार स्लाइस, दूध, रोज. ताट लख्ख. मी तीन आठवडे दाणा, पाणी, गवत, भिंत, भेगेतलं रोपटं, एकेक बदलून बघत होतो, आणि पुठ्ठ्यावर ज्याचं नाव घालायला हवं होतं तो माणूस खिडकीत पाठमोरा बसून स्वतःची पँट आत घेत होता. दर रविवारी, मी उशी डोक्यावर घेऊन चडफडत असताना. नळ वाहत होता. बादली भरून पाणी फरशीवर पसरलं, पट्ट्या भिजल्या, तरी मला उठून तो बंद करता येईना. भीती वाटत होती, आणि राग काही जात नव्हता. सगळ्यांत जास्त राग मला माझ्या डोळ्यांचा आला.

आत गेलो. बाबांनी विचारलं, "धुतलं का खुराडं?" मी त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "उभे राहा. हात वर करा." पन्नास वर्षं हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं होतं. ते खुर्चीचा हात धरून उठले आणि हात वर केले, गिऱ्हाईक करतं तसे, मुकाट्याने. मी शर्ट वर सारला. टेप पाठीमागून घेतला तेव्हा माझे हात एकमेकांना इतक्या लवकर भेटले की मला वाटलं टेप कुठेतरी दुमडला असेल. "अंगठा आत घालू नकोस," बाबा म्हणाले. "माप चुकतं." मी अंगठा काढला. आकडा बघायला वाकलो, पण डोळ्यांपुढे नीट दिसेना, तेव्हा त्यांनीच सांगितला. "सत्तावीस. दिवाणावर माझी वही आहे, गेल्या वर्षी कंबर चौतीस होती." "बाबा, कधीपासून?" "चार महिने झाले असतील. घास उतरत नाही रे खाली. अडकतो. पातळ जातं, बाकी नाही." "मला सांगायचं नाही?" हात अजून वरच होते त्यांचे. "सांगितलं असतं तर ताईकडे पाठवलं असतंस. आणि तू इथे एकटा..." मग म्हणाले, "हात खाली घेऊ का?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. टॉवेलमध्ये कोंबडी हलली, तिने मान बाहेर काढली, आणि बाबांच्या रिकाम्या हाताकडे बघून घशातल्या घशात आवाज केला. ती खरंच बरी होत होती. आता ती कितीही वर्षं जगली तरी उपयोग नव्हता. "ताईला काही सांगू नकोस," बाबा म्हणाले. "उगाच घाबरेल. बघू आपण इथेच काहीतरी." तेवढ्यात फोन वाजला, रोजच्या वेळेला वाजतो तसा. बाबांनी माझ्या हातातला टेप हळूच काढून घेतला, गुंडाळला आणि मुठीत धरून बसले. मी फोन उचलला. ताईने नेहमीसारखं विचारलं, "बाबा जेवतात ना नीट?"

मी तिला माप सांगितलं.